पेटी आपली, कुलूप कंपनीचं

आज जरा लांब लिहितोय. विषय मशीनचा आहे, पण पैसा तुमचा-माझा आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

४ ऑक्टोबर २०२१. ग्रामीण भागातले पाचवीपासून पुढचे वर्ग पुन्हा उघडले, तो दिवस. संध्याकाळी बार्शीजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांचा फोन आला.

"भाऊ, टीव्हीला जोडलेली पेटी बंद पडली बघा. नेट आहे, लाइट आहे, पण 'कनेक्शन नाही' म्हणते. नवीन घ्यायची म्हटलं तर पुन्हा वर्गणी मागावी लागंल, आणि आत्ता लोकांकडं मागायचं कसं?"

"गुरुजी, मागू नका अजून. आधी बघू तरी," म्हटलं.

ही पेटी म्हणजे छोटा मीडिया प्लेअर. एका बाजूला एचडीएमआयची वायर टीव्हीला, दुसऱ्या बाजूला नेट आणि यूएसबी. २०१६ साली गावाने लोकवर्गणी काढून घेतली, चार हजाराच्या आसपास. एका संस्थेच्या वेबसाइटवरून पाठांचे व्हिडिओ ओढून दाखवायची. केंद्रातल्या सात शाळांनी तीच घेतली होती. दुसऱ्या दिवशी कळलं की साती शाळांत तीच तक्रार. सात पेट्या एकाच आठवड्यात एकदम जळत नसतात. म्हणजे मशीन बिघडलेलं नव्हतं.

आधी मला घड्याळाचा संशय आला. अशा पेट्यांत बहुतेक वेळा घड्याळाचा सेल नसतो, नेटवरून वेळ मिळाली नाही तर त्या खुशाल १ जानेवारी १९७० समजून चालतात आणि मग कुठलीच सुरक्षित वेबसाइट उघडत नाही. पण वेळ बरोबर होती. मोबाइलवर तीच वेबसाइट व्यवस्थित उघडत होती. मग पेटी खोलली. आत बोर्डावर चार भोकं ओळीने असतात, ती सिरीयल पोर्टची. तीन वायरी लावल्या, ३.३ व्होल्टचा यूएसबी अडॅप्टर घेतला (घाईत ५ व्होल्टचा लावाल तर बोर्ड गेलाच), वेग ११५२०० ठेवला, आणि पेटी काय बोलते ते लॅपटॉपवर वाचलं. तिसऱ्या मिनिटाला कारण सापडलं. सर्टिफिकेटची मुदत संपली होती. आणि ते वेबसाइटचं नव्हे, पेटीच्या पोटातलं.

हे जरा सांगतो. कुठलीही सुरक्षित वेबसाइट आपली ओळख पटवायला दाखला दाखवते. तो दाखला खरा की खोटा हे ठरवायला प्रत्येक मशीनच्या आत विश्वासू सह्यांची एक यादी असते. जगातल्या असंख्य वेबसाइट लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचा मोफत दाखला वापरतात. त्या दाखल्यामागची एक जुनी सही, डीएसटी रूट सीए एक्स३, ३० सप्टेंबर २०२१ ला संपली. त्या जागी आयएसआरजी रूट एक्स१ ही नवीन सही आधीच तयार होती. ज्यांना अपडेट मिळत होते त्या मशीनना काही कळलंसुद्धा नाही. ज्यांचे अपडेट कंपनीने बंद केले होते, त्या मशीन त्या दिवसापासून आंधळ्या झाल्या. आपल्या शाळांना मात्र ते चार दिवसांनी कळलं, कारण तोवर वर्गाला कुलूपच होतं.

दुरुस्ती म्हणाल तर एका फाईलमधली जुनी सही काढायची आणि नवीन घालायची. दोन-तीन केबी मजकूर. कंपनीतल्या माणसाला चहा पिता पिता होणारं काम.

कंपनीला मेल केला. उत्तर आलं की हे मॉडेल बंद झालंय, नवीन मॉडेल घ्या, शाळांना सवलत देऊ. दुसरा मेल केला की बरं, अपडेट नका देऊ, पण पेटीत लिनक्स आहे, बिझीबॉक्स आहे, यू-बूट आहे. हे सगळं जीपीएल परवान्याखाली येतं आणि त्या परवान्यानुसार या भागांचा सोर्स कोड मागणाऱ्याला द्यावा लागतो, तो तरी द्या. त्यावर त्यांनी मला पेटी टीव्हीला कशी जोडायची त्याचं रंगीत माहितीपत्रक पाठवलं. ते अजून माझ्याकडे आहे.

मग स्वतःच बसलो.

कंपनीच्या साइटवर २०१७ ची शेवटची अपडेट फाईल अजून पडून होती. यूएसबीवर टाकून पेटीला लावायची ती. ही फाईल म्हणजे एक गाठोडं असतं. डोक्यावर ६४ बाइटचं लेबल: नाव, तारीख, आकार. त्याखाली दाबून बसवलेली फाईल सिस्टिम, जिला स्क्वॉशएफएस म्हणतात. गाठोडं सोडायला, आतलं बदलायला आणि परत बांधायला लागणारी सगळी हत्यारं मोफत मिळतात. सोडलं, सह्यांची यादी बदलली, परत बांधलं. पेटीने फाईल घेतलीच नाही. कारण लेबलवर दोन बेरजा असतात, एक आतल्या मालाची आणि एक त्या लेबलची स्वतःची. मालाची मी नवीन केली आणि लेबलची विसरलो. ती दुरुस्त केली. मग पेटीने फाईल घेतली आणि कंपनीच्या लोगोवर जी अडकली ती अडकलीच.

ही चूक माझी, आणि सांगण्यासारखी आहे. मूळ गाठोडं एक्सझेड पद्धतीने दाबलेलं होतं. मी हत्याराला काही सांगितलं नाही म्हणून त्याने नेहमीच्या जीझिप पद्धतीने दाबलं. गाठोडं फुगलं आणि फ्लॅश मेमरीत त्याला दिलेल्या जागेत मावेना. अपडेट करणाऱ्या प्रोग्रामने जागा मोजलीच नाही, मावेल तेवढं लिहिलं आणि बाकीचं सोडून दिलं. शाळेची वर्गणीतून घेतलेली पेटी माझ्या टेबलावर वीट होऊन पडली होती आणि गुरुजींना काय सांगायचं या विचारात त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. सकाळी यू-बूटमध्ये शिरून नेटवर्कच्या वायरीवरून जुनी फाईल परत चढवली तेव्हा जीव भांड्यात पडला. मग दाबायची पद्धत तीच, ब्लॉकचा आकार तोच, फाईलींची मालकी रूटचीच ठेवून पुन्हा बांधलं. चाललं. आठवड्याभरात सहा पेट्या सुरू झाल्या.

सातवी झाली नाही. तिच्याबद्दल पुढे सांगतो.

पेटीचं पोट उघडलंच होतं म्हणून अजून एक गोष्ट करायला गेलो. या पेटीत मराठी नावाच्या फाईली चौकोन-चौकोन दिसायच्या. आत देवनागरी फॉन्टच नव्हता. लोहित देवनागरी हा खुल्या परवान्याचा फॉन्ट आहे, जागाही फार खात नाही. तो घातला. अक्षरं आली, पण "किती" लिहिलं तर वेलांटी 'क'च्या पुढे न येता मागे येऊन बसायची, आणि जोडाक्षरं सुटी-सुटी, पाय मोडलेली. देवनागरीला नुसता फॉन्ट पुरत नाही. कुठली मात्रा कुठे सरकवायची, कुठली अक्षरं जोडायची हे सांगणारा वेगळा प्रोग्राम लागतो. तो पडद्यावरच्या मेनूच्या प्रोग्राममध्ये जोडायला हवा, आणि तो मेनूचा प्रोग्राम कंपनीचा स्वतःचा. तो काही जीपीएलमध्ये नाही, त्यामुळे त्याचा कोड मागायचा हक्क मला नाही हेही मान्य करतो. शेवटी सगळ्या फाईलींची नावं रोमन लिपीत लिहून दिली. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतली पाचवीची पोरं अजूनही आपल्याच पाठ्यपुस्तकातल्या धड्याचं नाव इंग्रजी अक्षरं लावत वाचतात. मराठी भाषेवर एवढी भाषणं होतात, या पेटीतल्या वेलांटीवर एकानेही करावं.

आता मुद्द्यावर येतो.

सातव्या शाळेने पेटी वर्षभर उशिरा घेतली होती. बाहेरून तीच, रिमोट तोच, किंमतही तीच. आतून मात्र कंपनीने कुलूप बदललं होतं. पहिल्या सहा पेट्यांत नुसती बेरीज तपासली जायची. बेरीज म्हणजे वजनकाटा. पोत्यात माल कमी-जास्त झालाय का एवढंच तो सांगतो, आणि नवीन माल भरून नवीन वजन लिहिलं की काट्याची हरकत नसते. सातव्या पेटीत डिजिटल सही होती. ती म्हणजे लाखेचा शिक्का. शिक्का उठवायची अंगठी फक्त कंपनीकडे. आत तोच जुना लिनक्स, तीच संपलेली सही, दुरुस्तीही तीच तीन केबीची. पण शिक्का माझ्याकडे नाही म्हणून ती पेटी कचरा. तिच्यात एक रेझिस्टरसुद्धा खराब नाही.

जगात याला टिवोकरण म्हणतात. अमेरिकेत टिवो नावाचा व्हिडिओ रेकॉर्डर होता. आत लिनक्स. कंपनीने सोर्स कोड नियमाप्रमाणे दिला, पण बदललेला कोड घातला की मशीन चालायचंच नाही. कायद्याचं अक्षर पाळलं आणि जीव घेतला. त्यावर उपाय म्हणून २००७ साली जीपीएलची तिसरी आवृत्ती आली. पण लिनक्सचा गाभा दुसऱ्याच आवृत्तीवर राहिला, त्यामुळे ती पळवाट आजही उघडी आहे. याच्या उलट उदाहरण लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या निळ्या-काळ्या राउटरचं. लोकांनी परवान्यावर बोट ठेवलं, २००३ मध्ये कंपनीला कोड बाहेर काढावा लागला, आणि त्यातून ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. आज कंपन्यांनी टाकून दिलेले कितीतरी राउटर त्याच्यावर चालतात. बाकीच्या पेट्यांबाबत मात्र आपण प्रत्येक वेळी नव्याने भीक मागतोय.

आपल्या घरचंच बघा. केबलचं डिजिटायझेशन झालं, मुंबईत २०१२ च्या ऑक्टोबरअखेर, पुणे-नागपूर-नाशकात २०१३ च्या मार्चअखेर, आणि खेडोपाडी होता होता २०१७ उजाडलं. प्रत्येक घराने सेटटॉप बॉक्सला पैसे मोजले. मग केबलवाला बदलला की बॉक्स बदला, केबल सोडून डिश घेतली की बॉक्स बदला. फोनचं सिम बदलता येतं, बॉक्सचं कार्ड बदलून दुसऱ्या कंपनीचं चालत नाही. ट्रायने एप्रिल २०२० मध्ये शिफारस केली की देशातला प्रत्येक सेटटॉप बॉक्स कुठल्याही कंपनीच्या सेवेला चालला पाहिजे. तुमच्या घरात त्याने काय बदललं? माझ्याकडे जुने बॉक्स विकायला येणाऱ्यांची रांग तेवढी वाढली. भंगारवाला किलोवर घेतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर उद्यापासून दुकानासमोर वेगळीच रांग लागेल. फुकट चॅनेल लावून द्या म्हणणारे महिन्याला दोन-चार जण येतात. ते मी करत नाही. कार्यक्रम बनवणाऱ्याचे पैसे बुडवणं वेगळं आणि विकत घेतलेली पेटी चालू ठेवणं वेगळं. आपला कायदाही हा फरक करतो. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५ए कलम आलं. कुलूप तोडलं म्हणून शिक्षा आहे, पण हक्क बुडवायच्या हेतूने तोडलं तर. आणि कलम ५२ मध्ये, कायदेशीररीत्या घेतलेला संगणक प्रोग्राम ज्या कामासाठी घेतला त्या कामासाठी त्यात फेरफार करायला, दुसऱ्या प्रोग्रामशी जुळवून घ्यायला लागणारी माहिती काढायला वाव दिलेला आहे. अमेरिकेत तर दर तीन वर्षांनी सरकारकडे जाऊन सवलत मागावी लागते. स्मार्ट टीव्हीसाठी ती २०१५ ला मिळाली, स्ट्रीमिंगच्या पेट्यांसाठी २०२१ ला. आपला कायदा त्यामानाने शहाणा आहे. पण कायदा "उघडायला हरकत नाही" म्हणतो आणि कंपनी उघडताच येणार नाही असं बांधते, तेव्हा त्या शहाणपणाचं करायचं काय?

आता दुसरी बाजू. माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात अशाच पेट्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तो म्हणाला, "सर, सही काढली तर कोणीही काहीही भरेल. लोकांच्या घरात चोर शिरतील." त्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. फर्मवेअर सोडून परत बांधण्याची जी कला मी शाळेसाठी वापरली, तीच चोरही वापरतात. २०२३ च्या सुरुवातीला टी९५ नावाची स्वस्त अँड्रॉइड पेटी उघडकीला आली. ऑनलाइन विकली जाणारी, सीलबंद, आणि फर्मवेअरमध्ये व्हायरस आधीपासूनच भरलेला. त्याच जातीचं बॅडबॉक्स नावाचं जाळं. डिसेंबर २०२४ मध्ये जर्मनीच्या सायबर सुरक्षा खात्याने आपल्या देशातल्या तीस हजार मशीनचं त्या जाळ्याशी होणारं बोलणं तोडलं. जून २०२५ मध्ये एफबीआयने लोकांना इशारा दिला की घरातल्या अशा पेट्या तपासा. तुमच्या टीव्हीमागची पेटी रात्री तुम्ही झोपल्यावर दुसऱ्याच्या गुन्ह्यासाठी तुमचं इंटरनेट वापरत असू शकते. म्हणून बाराशे रुपयांत "सगळं फुकट" देणारी पेटी कुणी आणली की मी पहिल्यांदा तिची नेटची वायर काढायला सांगतो. आणि कुणीतरी ग्रुपवर टाकलेली फर्मवेअर फाईल डोळे मिटून चढवू नका. माझी सुद्धा नका. मी शाळांना फाईल दिली तेव्हा मूळ फाईल, बदललेल्या फाईलींची यादी आणि बांधायची पूर्ण पद्धत असं सगळं कागदावर दिलं, म्हणजे उद्या दुसऱ्या कुणालाही ताडून बघता येईल.

पण पोराचा युक्तिवाद अर्धाच खरा. टी९५ मध्ये व्हायरस मालकाने भरला नव्हता, तो दुकानातून यायच्या आधीच आत होता. आणि सहीचं कुलूप लावून अपडेट बंद करणं ही सुरक्षा नाही. घराला भक्कम दार लावलं, किल्ली घेऊन बांधणारा निघून गेला आणि मागची भिंत ढासळायला लागली तर त्या दाराचं कौतुक कशाला? कुलूप असावं, जरूर असावं, पण एक किल्ली मालकाला मिळावी. हे अशक्य नाही. गूगलच्या पिक्सेल फोनचा बूटलोडर मालकाला उघडता येतो, इतकंच नाही तर स्वतःची किल्ली घालून परत बंदही करता येतो. फोनला जमतं ते चार हजाराच्या पेटीला का जमू नये?

त्या पोराने यावर काही उत्तर दिलं नाही. "वरचे ठरवतात सर" म्हणाला. असो, नोकरी करायची असते.

आता आपल्या हातात काय आहे. दिल्लीत ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टलही काढलं. चांगलं आहे, पण त्या पोर्टलवर जाऊन बघा, सुटे भाग आणि सर्व्हिस सेंटर एवढ्यावरच जोर आहे. फर्मवेअर हाही सुटा भागच आहे हे अजून कुणाच्या डोक्यात शिरलेलं दिसत नाही. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून नेटला जोडणाऱ्या घरगुती वस्तूचे सुरक्षा अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील हे विकणाऱ्याला सांगावंच लागतं. आपल्याकडे साध्या खोकल्याच्या औषधावर मुदतीची तारीख असते, टीव्हीच्या पेटीवर नसते.

तेवढी तारीख छापायला लावायला संसद लागेल. पण शाळेला, ग्रामपंचायतीला, वाचनालयाला माल घेताना अट घालायला संसद लागत नाही. आपल्या जिल्ह्यात डिजिटल वर्गाच्या नावाखाली पेट्या, टीव्ही, पॅनेल घेणं चालूच आहे, काही जेमवरून, काही वर्गणीतून, काही सीएसआरमधून. मी अशी चार मागणीपत्रकं पाहिली. स्क्रीन किती इंच, रॅम किती, वॉरंटी किती वर्षं, सगळं आहे. अपडेट किती वर्षं मिळणार? एकातही नाही. अपडेट थांबले तर कुलूप उघडून देणार का? हा प्रश्न तर कुणाला सुचलेलाच नाही. विचारलं तर अधिकारी म्हणतात तांत्रिक बाब आहे. अहो, ट्रॅक्टर घेताना पार्ट मिळतील का हे आपण पहिल्यांदा विचारतो की. इथे लाखाची खरेदी, आणि पाच वर्षांनी सगळं भंगारात जाणार हे आजच कागदावर लिहिल्यासारखं आहे.

मी दोन वाक्यांचा मसुदा केलाय. "पुरवठादाराने उपकरणाचे सुरक्षा अपडेट किमान सात वर्षे द्यावेत व त्याची अखेरची तारीख उपकरणावर छापावी. त्यानंतर अथवा सेवा आधी बंद केल्यास, खरेदीदारास स्वतःचे फर्मवेअर चढवता येईल अशी किल्ली व खुल्या परवान्यातील भागांचा सोर्स कोड विनामूल्य द्यावा." भाषा सुधारायची असेल तर वकील मंडळींनी सुधारावी. सात वर्षं जास्त वाटत असतील तर पाच करा, पण आकडा लिहा. मोठी कंपनी कदाचित नाक मुरडेल. मुरडू दे. ज्याला शंभर शाळांची ऑर्डर हवी तो ऐकेल.

हा मसुदा २ ऑक्टोबरच्या आमच्या ग्रामसभेत मांडतोय. गुरुजी आता निवृत्त झालेत, पण अनुमोदन द्यायला येतो म्हणालेत. ज्यांना आपापल्या गावात मांडायचा आहे त्यांनी उचलून न्यावा, माझं नाव लावायची गरज नाही. आणि सातवी पेटी दुकानातल्या फळीवर आहे. ज्यांना वाटतं की मी उगाच फुगवून सांगतोय त्यांनी येऊन बघावी. लाइट लावली की लोगो अजून झकास येतो.